गोळी घड्याळाला बांधावी की चहाला?

आईची रक्तदाबाची गोळी. "आठला घे" म्हटलं, तर दादरच्या आमच्या घरात पाणी भरता भरता आठ कधी वाजून जातात कळत नाही. वेळ लक्षात ठेवायची तर घड्याळाकडे आपणहून बघत राहावं लागतं, आणि उतारवयात तेच जड जातं. मानसशास्त्रज्ञ गिल्स आइनस्टाइन आणि मार्क मॅकडॅनियल यांच्या १९९५ च्या प्रयोगांत ज्येष्ठ मंडळी ठरल्या वेळी करायच्या कामात मागे पडली, एखादी खूण समोर आली की करायच्या कामात मात्र तरुणांच्या बरोबरीने राहिली.

म्हणून मला चहाच पटतो. गोळ्यांची पट्टी चहापत्तीच्या डब्याला रबर लावून अडकवली आहे. ती काढल्याशिवाय झाकणच उघडत नाही. दुसऱ्या चहाला "मघाशी घेतली का गं?" असा घोळ व्हायचा, मग पट्टीवर वार लिहिले.