नऊ महिने डेटिंग ॲप, एक कॅलिपर आणि सांगलीतल्या पायऱ्या

ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोन-तीन वापरून बघितली, रडगाणं सगळ्यांचं एकच. मी 34 वर्षांची, राहणार विश्रामबाग. लहानपणी पोलिओ झाला, त्यामुळं उजव्या पायाला मांडीपर्यंत कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा, डाव्या हातात कुबडी आणि मागं दोन जादा चाकं लावलेली स्कूटी. पावसाळ्यात प्रोफाइल काढलं, आता उन्हाळा लागलाय.

सुरुवातीला पायाचं काही लिहिलंच नाही. फोटो सगळे कमरेच्या वरचे. मॅच धडाधड यायचे. मग चौथ्या-पाचव्या दिवशी आपण घसा खाकरून "एक सांगायचं होतं" म्हणायचं आणि समोरच्यानं गायब व्हायचं. असं पाच वेळा झाल्यावर कुबडीसकट स्कूटीवर बसलेला फोटो पहिलाच टाकला. मॅच आटले, पण डोक्याची कटकट गेली. तरी नमुने भेटलेच. एकानं दुसऱ्याच मेसेजला विचारलं, "यूडीआयडी कार्डावर टक्के किती?" म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर अपंगत्व किती टक्के लिहिलंय. वधू-वर मेळाव्यात हा प्रश्न उघड विचारतात, त्याची सवय आहे; पण "हाय" नंतर लगेच? दुसऱ्याला राज्य सरकारच्या दिव्यांग-अव्यंग विवाहाच्या अनुदानाची माहिती माझ्यापेक्षा जास्त होती. 2014 च्या शासन निर्णयात ते 50,000 रुपये होतं. अजून चहासुद्धा प्यालो नव्हतो आम्ही.

दिव्यांगांसाठी वेगळं ॲप नाही का, असं मैत्रिणी विचारतात. इन्क्लोव्ह होतं. 2016 ला आलं, 2019 ला बंद पडलं. आता आहे त्यात भागवायचं. या ॲपात उंची, रास, दारू, मांजर आवडतं का, सगळ्याला रकाना आहे. जिना चढता येतो का, याला नाही. अंतराची पट्टी 20 किलोमीटरवर ठेवली की सांगली, मिरज, कुपवाड, जयसिंगपूर यांत जेवढी माणसं तेवढीच. पंधरा दिवसांत सगळे चेहरे फिरून येतात, त्यात एक चुलतभाऊ. 50 केलं की कोल्हापूर येतं. मग पहिल्या भेटीला जायचं कुणी, यावरच घोडं अडतं.

खरी परीक्षा भेट ठरवताना. कॅलिपर न वापरणाऱ्यांसाठी सांगते: चालताना गुडघ्याला लॉक असतं, पाय सरळच राहतो. बसायचं तर आधी हातानं कडी वर ओढायची, खट् आवाज होतो, मग गुडघा वाकतो. उठताना परत पाय ताणून कडी पाडायची. आता हे बुटक्या, मऊ सोफ्यावर करून दाखवा. आजकालच्या कॅफेत सगळीकडं तेच सोफे. एकदा रुतले की उठायला समोरच्याचा हात लागतो, आणि पहिल्याच भेटीत हात द्यायची वेळ अशी यावी, असं मला तरी वाटत नाही.

पहिली भेट शंभर फुटी रस्त्यावरच्या एका कॅफेत. फोनवर विचारलं होतं, "रॅम्प आहे का?" "आहे की मॅडम." गेले तर गॅसच्या टाक्या चढवायला टाकलेला लोखंडी पत्रा! एका फुटाच्या चढाला नियमानं बारा फूट लांबीचा उतार लागतो, हा तीन फुटांतच वर गेलेला, त्यात पाऊस. कुबडीचं रबर पहिल्याच पावलाला सरकलं. कॅलिपरवाल्याला असल्या उतारापेक्षा पायऱ्या परवडतात, फक्त कठडा हवा. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा लोकांची ये-जा असलेल्या खासगी इमारतींनाही धरतो, हे तिथल्या पोराला काय सांगणार. तो बिचारा हात द्यायलाच धावला. आत संडास दोन पायऱ्या वर आणि उकिडवं बसायचा. दीड तास पाण्याचा घोट घेतला नाही. समोरचा चांगला होता की वाईट, आता आठवतही नाही.

त्यानंतर जागा मी ठरवायला लागले. आदल्या दिवशी स्कूटीवरून चक्कर मारून यायचं. कृष्णेचा घाट फोटोत सुंदर दिसतो, पण घाट म्हणजे पायऱ्याच. सगळ्यात सोयीचं हॉटेल म्हणजे भेळेचा गाडा. गाड्याला पायरी नसते, स्कूटीवरून उतरावंही लागत नाही, आणि माणूस पटला नाही तर किल्ली फिरवून निघता येतं. तोटा एकच, अख्खी सांगली बघते. एकदा बाबांचे मित्रच शेजारी भडंग बांधून घेत होते. "काय गं, इकडं कुठं?" घरी जाईपर्यंत आईला बातमी.

दिवाळीनंतर मिरजेच्या एकाशी बोलणं सुरू झालं. मी नेहमीसारखं विचारलं, "पायऱ्या किती?" बहुतेक जण म्हणतात, "दोन-चार असतील, मी आहे ना." हा म्हणाला, थांबा. संध्याकाळी मेसेज: "तीन. मधली उंच आहे. खुर्च्या लाकडी, हात असलेल्या. संडास खालीच, कमोड आहे, दाराला कडी नीट लागत नाही." इतका रोमँटिक मेसेज नऊ महिन्यांत आला नाही. तीन वेळा भेटलोय. बाकी काय ते अजून आमचं आम्हालाच ठरलेलं नाही, त्यामुळं इथं विचारू नका.

ॲपला पाचपैकी अडीच. पैसे भरलेला प्लॅन पुढच्या आठवड्यात संपतो, परत भरणार नाही.

परवा त्यानं नवी जागा कळवली. पहिला मजला, लिफ्ट नाही, पण कठडा उजव्या हाताला. म्हटलं, चढताना उजवीकडं असेल तर उतरताना डावीकडं येईल, तिथं माझी कुबडी असते. दुसऱ्या बाजूला काय आहे? बघून सांगतो म्हणालाय.