हळदीच्या पाकिटांवर ‘श्रीखंड’ फॉन्ट: काही महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळद आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्यांसाठी पाकिटे, पोत्यांवरची छपाई आणि दुकानांचे फलक यांची मांडणी आम्ही करतो. बराच माल गुजरातेत जात असल्यामुळे मराठी आणि इंग्रजीच्या जोडीने गुजराती मजकूरही नेहमी लागतो. त्यासाठी गेले काही महिने जॉनी पिनहॉर्न यांनी रेखाटलेला ‘श्रीखंड’ हा फॉन्ट वापरत आहे.

हाताने रंगवलेल्या, विशेषतः गुजरातेतल्या, पाट्यांवरून स्फूर्ती घेतलेला हा फॉन्ट जाड, गुबगुबीत आणि उजवीकडे कललेला आहे. त्याचे एकच वजन (म्हणजे अक्षरांच्या जाडीचा एकच प्रकार) मिळते आणि तिरपेपणा हेच त्याचे मूळ रूप आहे. दोन-तीन शब्दांचे नाव मोठ्या आकारात लावले की पाकीट दुकानातल्या फळीवर दुरूनही ओळखू येते. इंग्रजी नाव मात्र पहिले अक्षर मोठ्या लिपीत आणि उरलेली लहान लिपीत असेच घ्यावे. सगळी मोठी अक्षरे वापरली तर ती एकमेकांना रेटू लागतात आणि नाव वाचवत नाही.

छपाईत खरी कसोटी लागते ती अक्षरांच्या आतल्या पोकळीची. ती मुळातच अरुंद असल्याने विणलेल्या पोत्यावर स्क्रीन प्रिंटिंग करताना लहान आकारात शाई भरते आणि अक्षराचा गोळा होतो. त्यामुळे मालाचे वजन, पत्ता, घटक आणि २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा उल्लेख या सगळ्यांसाठी साधा, सडपातळ फॉन्टच योग्य. फ्लेक्सवर ही अडचण येत नाही. व्हिनाइल कापणाऱ्या प्लॉटरवर तर सलग वळणांमुळे काम फार स्वच्छ उतरते.

आमच्यासाठी सर्वांत मोठी उणीव म्हणजे यात देवनागरी नाही. ग्राहक साहजिकच विचारतात की मराठी नावही तसेच तिरपे का करत नाही. गुजराती लिपीला शिरोरेषा नसल्यामुळे तिथे प्रत्येक अक्षर मोकळेपणाने कलू शकते. उलट, देवनागरीतले एखादे ठळक अक्षर सॉफ्टवेअरने ओढून तिरपे केले की शिरोरेषा आडवीच राहते, दंड (उभ्या रेषा) कलतात, गोलाईची जाडी भलतीकडे सरकते आणि वेलांटी किंवा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. असे खोटे तिरपेपण सांगलीतल्या कितीतरी फलकांवर दिसते आणि मला ते अजिबात रुचत नाही. म्हणून मराठी नाव मी ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेच्या ‘बालू 2’ मध्ये, सर्वांत जाड वजनात आणि सरळ उभे ठेवतो. त्याची मऊ, गोलसर टोके श्रीखंडाच्या गोलाईशी जमतात. झुकाव वेगळा असूनही दोन्ही नावे एकाच घरची वाटतात. ‘मोदक’ हा देवनागरी फॉन्टही करून पाहिला, पण त्याची पोकळी आणखी बारीक असल्याने पोत्यासाठी तो बाद झाला.

श्रीखंड गूगल फॉन्ट्सवर मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. व्यावसायिक पाकिटांवर तो विनामूल्य वापरता येतो. फक्त फॉन्टची फाइल सुटी विकता येत नाही. जुन्या मांडणी सॉफ्टवेअरमध्ये गुजराती जोडाक्षरे तुटतात, म्हणून प्रेसला फाइल पाठवताना अक्षरांचे कर्व्ह करूनच, म्हणजे मजकुराचे नुसत्या आकारांत रूपांतर करूनच, पाठवावे. टाइप केलेली मूळ फाइल मात्र वेगळी जपावी, कारण पाकिटावरचे वजन आणि किंमत बदलायची वेळ हंगामागणिक येतेच.