जनावरं विकायचं ॲप: फोटो लावायला चांगलं, व्यवहार मात्र खुंट्यावरच करा

पाचपैकी अडीच तारे. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दुखणं त्या एकट्याचं नाही. फेसबुकवरच्या म्हशींच्या ग्रुपात आणि व्हॉट्सॲपवरही हेच चालतं.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठी. घरी म्हशी, दोन्ही वेळची धार मी काढते आणि फोनही मीच सांभाळते. सासरे, म्हणजे आप्पा, जन्मभर बाजारात जनावरं घेत-विकत आले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला लम्पी, म्हणजे गुरांचा त्वचेचा साथरोग, सापडला, त्या साथीतली राज्यातली पहिली नोंद तीच. मग गुरांचे बाजार बंद झाले आणि आमच्या भागातली पुष्कळ मंडळी फोनवर जनावर दाखवायला लागली. बाजार पुन्हा भरले, पण फोनची सवय राहिली. आम्हीही आमची तिसऱ्या वेताची जाफराबादी म्हैस ॲपवर टाकली, किंमत ९५ हजार.

आधी चांगलं सांगते. फोटो आणि धार काढतानाचा व्हिडिओ टाकायला सोपं आहे, भाषा मराठी आहे. किती किलोमीटरच्या आतली जनावरं दिसावीत ते ठरवता येतं, त्यामुळे शिरपूर, शिंदखेडा, चोपड्याकडे काय भाव चाललाय ते घरबसल्या कळतं. बाजारात हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, रुमालाखाली समोरच्याची बोटं धरून भाव करतो तेव्हा तो त्या दोघांनाच ठाऊक असतो, इथे तो सगळ्यांसमोर असतो. या एका गोष्टीसाठी दोन तारे.

आता उरलेलं. ग्राहकाच्या नावापुढे हिरवी खूण असते, 'तपासलेला'. काय तपासलं म्हणाल, तर मोबाइलवर ओटीपी आला आणि त्याने तो टाकला, एवढंच. माणूस कोण, गाव कोणतं, कधी जनावर घेतलंय का, यातलं काहीच नाही. आणि जाहिरात टाकली की आपला नंबर उघडा पडतो.

पहिला फोन संध्याकाळच्या आतच आला. हिंदीत बोलणारा, आवाजात फौजेचा थाट. 'मॅडम, भैंस पसंद है, फायनल करो.' मी म्हटलं, ९५. तो म्हणाला, ठीक है. घासाघीस नाही. किती दूध, कधी व्याली, पारडी जिवंत आहे का, मारकी आहे का, ढेप किती खाते, एक शब्द नाही. जैसलमेरला पोस्टिंग, मिलिटरीच्या डेअरीसाठी घ्यायचीय, गाडी युनिटची येईल. सोबत कॅन्टीन कार्डाचा आणि वर्दीतला फोटो. माझे दीर फौजेत आहेत. त्यांना फोटो पाठवला तर ते हसलेच. लष्कराच्या दुग्धशाळा, म्हणजे मिलिटरी फार्म्स, ३१ मार्च २०२१ लाच बंद झाल्या. इंग्रजांनी १८८९ मध्ये सुरू केलेल्या, शेवटी ३९ उरल्या होत्या. म्हणजे हा साहेब बंद पडलेल्या डेअरीसाठी म्हैस घेत होता.

तरी मी त्याला बोलू दिलं, बघू काय करतो ते. 'हमारे अकाउंट का सिस्टम अलग है. पहले आप पाच रुपये भेजो, दस वापस आएंगे.' मग त्याने क्यूआर कोड पाठवला, वर मोठ्या अक्षरात 'रिसीव्ह'. स्कॅन करा, पिन टाका, ९५ हजार जमा. आता, पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि कोड स्कॅन करायचाच नसतो. स्कॅन देणारा करतो, पिन देणारा टाकतो. वर काय लिहिलंय याला काडीचा अर्थ नाही. पूर्वी हेच लोक पैसे मागणारी रिक्वेस्ट पाठवायचे. माणसाने माणसाकडे असे पैसे मागायची सोय यूपीआयवर १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, म्हणून सगळा भर आता कोडवर आहे. मी म्हटलं, दादा, कोड राहू द्या, गाडीसोबत माणूस पाठवा, तो इथे धार काढून बघेल आणि इथेच पैसे देईल. त्यावर तो चिडला, 'फौजी पे भरोसा नहीं?' आणि फोन ठेवला.

आप्पा बाजेवर बसून ऐकत होते. म्हणाले, "जो दात बी देखस नही, तो काय म्हैस लेस?" माझ्या मते या सगळ्या फसवाफसवीवर याच्याहून चांगली चाळणी कोणत्याच ॲपकडे नाही. खरा घेणारा आधी म्हशीबद्दल बोलतो, पैशाबद्दल नंतर. लुटारू पैशापासूनच सुरू करतो.

दुसऱ्या एकाने इसार पाठवल्याचा मेसेज दाखवला, 'आपके खाते में १९,००० जमा', आणि वर विनंती की चुकून एक शून्य जास्त पडलं, १९०० द्यायचे होते, बाकीचे परत करा. मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला. बँकेचा मेसेज असा येत नाही. खात्यात पाहिलं तर एक रुपयाही नाही. स्क्रीनशॉटचंही तसंच, तो कोणीही बनवतो. जमा झालं की नाही ते आपल्या खात्याच्या शिलकेत बघायचं. तिसऱ्याला गाडीच्या 'गेट पास'साठी आमच्याकडूनच पैसे हवे होते, परत मिळणारे म्हणे. त्याच्याशी मी फार बोलले नाही.

सगळ्यात राग आला तो फोटोच्या चोरीचा. आमच्याच म्हशीचा, आमच्याच गोठ्यातला फोटो भाच्याला एका ग्रुपवर दिसला, निम्म्या किमतीला, 'आधी गाडीभाडं पाठवा' म्हणून. असे भाडं पाठवणारेही आपल्यासारखेच शेतकरी असतात. ॲपकडे तक्रार केली, उत्तर आलं की आपली सूचना नोंदवली आहे. बस. यासाठी पाचातला एक तारा सरळ कापला. आता मी फोटोत कानातला बिल्ला झाकते आणि मधोमध गावाचं नाव लिहिते, कडेला लिहिलं तर कापून टाकतात.

म्हैस शेवटी गेली शिंदखेड्याकडच्या माणसाकडे, आणि तोही याच ॲपवरून आला, म्हणून अर्धा तारा जास्तीचा. भाऊ सोबत घेऊन आला. तोंड उघडून दात पाहिले, चारही सड दाबून पाहिले, संध्याकाळची धार स्वतः काढली, रात्री आमच्याकडे जेवला आणि सकाळची धार पुन्हा काढली. मग तास-दीड तास भावावर वाद. पारडीसकट ९२ हजारांवर सौदा ठरला. इसाराचे पाच हजार रोख, बाकीचे यूपीआयवर. एका दिवसाची लाखाची मर्यादा असते, तेवढ्यात बसलं. "पैसा उना का?" आप्पांनी विचारलं, मी शिल्लक बघून हो म्हटल्यावर त्यांनी दावं सोडलं.

कागदाचं राहिलं. आपल्या राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर, दोघांच्या आधारची झेरॉक्स, गाडीचा नंबर हे सगळं साध्या कागदावर लिहून सह्या घेतल्या आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांना सांगून 'भारत पशुधन' या जनावरांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत मालकाचं नाव बदलून घेतलं. ॲपने खरं तर हा नंबर जाहिरात टाकतानाच गुपचूप तपासावा. मग चोरलेल्या फोटोची म्हैस तिथे टिकणारच नाही. ते केलं तर आणखी एक तारा मी स्वतः येऊन देईन.

कोणाचे पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, गावात विचारत बसू नका. लवकर कळवलं तर रक्कम वाटेत अडवता येते. आणि जनावर विकलं की जाहिरात त्याच दिवशी काढा. आम्ही काढली, तरी फोन अजून येतात.