मालवणचं एका दिवसाचं पॅकेज: तिथी बघून घेतलं तरच पैसे वसूल

मालवणच्या जेट्टीपासून दांडीपर्यंत आणि पुढे तारकर्ली-देवबागच्या रस्त्यावर एकच जाहिरात वेगवेगळ्या रंगांत लागलेली दिसते: सिंधुदुर्ग किल्ला, स्कुबा, पाच-सहा वॉटर स्पोर्ट्स, डॉल्फिन आणि त्सुनामी आयलंड, सगळं एका दिवसात. यातली बहुतेक ठिकाणं खरोखर बघण्यासारखी आहेत. चुकतं ते त्यांना एका दिवसात कोंबणं. प्रत्येक जागेला पाणी वेगळं लागतं आणि पॅकेजचा क्रम मात्र गर्दी बघून लावलेला असतो. त्यामुळे त्सुनामी आयलंडला भर भरतीत नेतात आणि स्कुबाला गढूळ पाण्यात उतरवतात. आमचं स्पष्ट मत आहे: दोन दिवस ठेवा, प्रत्येक गोष्ट वेगवेगळी घ्या आणि खोली बुक करण्याआधी कॅलेंडरवरची तिथी बघा.

तिथीचा हिशोब किनाऱ्यावरच्या कोणत्याही मच्छीमाराला तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दोन्ही पक्षांना नियम एकच, आणि दिवसातून दोनदा. त्यापासून सव्वासहा तासांवर पूर्ण ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं: पाणी खूप चढतं, खूप उतरतं, ओढ जोरात असते आणि तळाची वाळू ढवळते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाण्याची हालचाल कमी आणि पाणी बरंच निवळलेलं. स्कुबासाठी भांगाचे दिवस उत्तम. दोन दिवसांत सगळंच करायचं असेल तर चतुर्थी-पंचमी धरा. तेव्हा ओहोटी सकाळी सव्वानऊ ते दहाच्या दरम्यान येते आणि दुपार किल्ल्यासाठी मोकळी राहते.

किल्ल्यासाठी मालवण जेट्टीवरून होड्या सुटतात. होडीवाले साधारण तासाभराची मुदत देतात आणि त्याच होडीने परत यायचं असतं. हा तास अपुरा आहे. कुरटे बेटावरचा हा किल्ला सुमारे 48 एकरांचा आणि तटाची लांबी जवळपास 3 किलोमीटर. नुसता तट फिरायलाच तास जातो. होडीत बसण्यापूर्वीच दोन तासांचं बोलून घ्या, थोडे जास्त पैसे पडले तरी द्या. दुपारी उशिरा गेलात तर शेवटची होडी किती वाजता आहे तेही विचारा.

आत शिरताना महाद्वार नीट बघा. होडी अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा दिसत नाही, कारण दोन बुरुजांच्या वळणात तो लपवला आहे. 1664 मध्ये पायाभरणी झाली, 1667 मध्ये काम पूर्ण झालं आणि हिरोजी इंदुलकरांनी ते उभं केलं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण दरवाजा असा का बांधला हे समजतं ते फक्त होडीतून, म्हणून त्या वेळी मोबाईल खिशात ठेवा. दरवाजाजवळून तटावर चढलं की छोट्या घुमट्यांत शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा चुन्यातला ठसा आहे. घाईत येणारे निम्मे लोक खालूनच पुढे जातात आणि ठसे राहून जातात. मग शिवराजेश्वराचं मंदिर. राजाराम महाराजांच्या काळात बांधलेल्या या मंदिरात महाराजांची मूर्ती दाढीविना आहे. जवळच दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या विहिरी. चारी बाजूंना खारं पाणी असताना इथे गोडं पाणी लागतं. शेवटी वेळ उरला तर परत दरवाजाकडे न जाता पश्चिमेच्या तटावर जा. लाटांचा खरा मार त्या बाजूला आहे आणि पायात शिसं ओतून हा तट का उचलला, ते तिथे उभं राहिल्यावर पटतं. तटाला कठडा नाही, काही ठिकाणी दगड सुटलेत. लहान मुलांचा हात सोडू नका. सावली थोडी असते, पाणी आणि टोपी बरोबर हवी.

पॅकेजमध्ये जे नसतं आणि फुकट आहे ते म्हणजे मोरयाचा धोंडा. किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा जिथे झाली तो हा किनाऱ्यावरचा खडक. त्यावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. तिथून जवळच दांडीच्या किनाऱ्यासमोर पद्मगड हा छोटा किल्ला आहे. उधाणाच्या दिवसांत पूर्ण ओहोटीला तिथे चालत जाता येतं. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी वळायला लागलं की लगेच परता. वाट शेवाळी आणि कालवांच्या धारदार शिंपल्यांची आहे, अनवाणी जाऊ नका. स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय तर मुळीच नको.

त्सुनामी आयलंड म्हणजे देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथला वाळूचा पट्टा. ओहोटीला पांढरी वाळू उघडी पडते आणि समोर भोगवेचा किनारा दिसतो. भरतीला गुडघाभर, कधी त्याहून जास्त पाण्यात उभं राहून परतावं लागतं. पण इथे एक अडचण आहे आणि ती कोणी सांगत नाही. वाळू दिसते ती ओहोटीला, आणि संगमाची ओढ सर्वांत जोरात असते तीही पाणी उतरत असताना, कारण नदी आणि सुकती (उतरतं पाणी) दोन्ही एकाच दिशेने समुद्राकडे खेचतात. म्हणून पूर्ण ओहोटीच्या आधीचे दोन तास पाण्यात खेळायचे नाहीत. पूर्ण ओहोटीला पाणी थोडा वेळ थांबतं, तेव्हा उथळ बाजूला पाय भिजवा. लाइफ जॅकेट होडीतून उतरल्यावरही अंगावर राहू द्या. डॉल्फिन बघायचे तर त्याच होडीने सकाळी लवकर. दिसतीलच अशी हमी देणाऱ्याकडे मात्र जाऊ नका.

आता स्कुबा. मालवणात ज्याला स्कुबा म्हणतात तो बहुतेक वेळा पंधरा-वीस फुटांवरचा, प्रशिक्षकाने धरून नेलेला पहिला अनुभव असतो. तेवढाही सुंदर आहे, फक्त पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा: पाण्याखाली नक्की किती मिनिटं, किती खोल, एका माणसामागे एक डायव्हर आहे का, आणि टाकी पाठीवर की वरून नळीने हवा. व्हिडिओ फुकट आहे एवढ्यावर निवड करू नका. शिकायचंच असेल तर तारकर्लीला एमटीडीसीचं (राज्य पर्यटन महामंडळाचं) स्कुबा केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

बिघडतं ते जवळजवळ नेहमी कानापाशी. सहा-सात फुटांवरच दाब जाणवतो. दुखायला लागण्याआधीच मास्कवरून नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दर दोन-तीन फुटांना. दुखल्यावर जोर लावून उपयोग नाही; थोडं वर यायचं आणि पुन्हा करायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका. दमा, हृदयविकार, गरोदरपण असल्यास फॉर्मवर खरं लिहा. मिशीमुळे मास्कमध्ये पाणी शिरतं, वरच्या ओठावर व्हॅसलिन लावा. केस मास्कच्या कडेखाली येऊ देऊ नका. श्वास कधीही रोखायचा नाही, कारण वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते. आणि अंगठा वर केला की पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर न्या' असा होतो. खूश होऊन अंगठा दाखवणारे कितीतरी लोक दोन मिनिटांत वर येतात. सगळं ठीक असेल तर तर्जनी आणि अंगठ्याचं वर्तुळ दाखवा. प्रवाळाला हात लावू नका, त्यावर उभं तर अजिबात राहू नका.

स्कुबाची वेळ सकाळचीच घ्या. दुपारनंतर वारा सुटतो, पाणी उचलतं, होडी हलते आणि उलट्या होतात. फेब्रुवारीनंतर हे रोजचंच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी सर्वांत स्वच्छ. पावसाळ्यात या सगळ्या सेवा बंद असतात आणि पाऊस संपल्यावरही काही आठवडे नद्यांचा गाळ समुद्रात राहतो. परतीचं विमान चिपी विमानतळावरून असेल तर स्कुबा पहिल्या दिवशी करा. पाण्यातून बाहेर आल्यावर किमान 12 तास, दोनदा उतरला असाल तर 18 तास विमान टाळायचं.

बनाना राइड, बंपर, जेट स्की हे प्रकार प्रत्येक किनाऱ्यावर सारखेच. वेळ कमी असेल तर हेच गाळा. बनानावाले मुद्दाम उलटवतात. नको असेल तर निघण्यापूर्वी सांगा, चष्मा किनाऱ्यावर ठेवा.

सुरमईचं ताट स्कुबानंतर खा, आधी चहा-घावण्यावर भागवा. संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव बघायला अर्धा तास राखा; ज्या दिवशी जे स्वस्त उतरलं असेल तेच रात्री मागवा, बांगडा असला तर बांगडा.

रेल्वेने येणाऱ्यांना कुडाळ सोयीचं, तिथून मालवण साधारण 30 किलोमीटर. देवबागचा रस्ता मात्र नदी आणि समुद्राच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आहे. शनिवार-रविवारी आणि डिसेंबरच्या अखेरीला तिथे समोरासमोर गाड्या अडतात आणि सकाळची ओहोटी रस्त्यातच निघून जाते. ओहोटी नऊला असेल तर साडेसातपर्यंत देवबागात पोहोचा, नाहीतर आदल्या रात्री तिथेच राहा.