इक्वेटर नेटवर्क: पहिला शोधनिबंध लिहिणाऱ्यांच्या खरोखर कामाची मोफत वेबसाइट

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर रुग्ण पाहायचे हेच काम, संशोधनाचं वेगळं शिक्षण नाही. तरीही एखादी केस अशी असते की ती आपल्याच फाइलमध्ये पडून राहू नये असं मनापासून वाटतं. अशी एक खांद्याची केस लिहायला घेतली, तेव्हा सर्वांत जास्त मदत झाली ती इक्वेटर नेटवर्कची.

आरोग्य संशोधनाचा अहवाल कसा लिहावा, याच्या मार्गदर्शक सूचना इथे एकत्र मिळतात. २००८ पासून हे काम सुरू आहे. सूचना शेकडो आहेत, त्यामुळे थेट शोधायला गेलात तर गोंधळ उडेल. वेबसाइटच्या पहिल्या पानावर अभ्यासाच्या प्रकारानुसार मोजक्या सूचनांची नावं दिली आहेत, तिथूनच सुरुवात करा. रँडमाइज्ड ट्रायलसाठी (कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून केलेली चाचणी) कन्सॉर्ट, निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोब, सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी (एका प्रश्नावरच्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा) प्रिझ्मा आणि केस रिपोर्टसाठी (एखाद्या रुग्णाच्या केसचा सविस्तर अहवाल) केअर.

मी केअर वापरली. २०१३ साली आलेल्या या चेकलिस्टमध्ये १३ मुद्दे आहेत. त्यातला टाइमलाइनचा मुद्दा मला फार मोलाचा वाटला. दुखणं कधी सुरू झालं, तपासणी कधी, व्यायाम कधी बदलले, हे सगळं केसपेपर काढून तारीखवार लावावं लागलं. ते लावल्यावर सुधारणा नेमकी कोणत्या बदलानंतर दिसू लागली, हे कागदावर स्पष्ट झालं आणि चर्चेचा भाग त्यावरच उभा राहिला. दुसरा मुद्दा रुग्णाच्या स्वतःच्या म्हणण्याचा. मी हालचाल अंशांत मोजली होती. बाई म्हणाल्या, "आता माझे केस मीच विंचरते." हे वाक्य त्यांच्या परवानगीने निबंधात घेतलं. लेखी संमतीसाठीही यादीत वेगळा मुद्दा आहे, आणि तो असायलाच हवा.

एक सांगते. चेकलिस्ट लिहिताना कामी येते, पण अभ्यास आखायच्या आधी वाचली तर जास्त. जी नोंद घेतलीच नाही, ती नंतर कुठून आणणार? बरीच जर्नल्स भरलेली चेकलिस्ट निबंधासोबत मागतात, त्यामुळे कोणता मुद्दा कोणत्या पानावर आहे ते लिहितानाच भरून ठेवा.

मर्यादाही आहेत. भाषा प्रामुख्याने इंग्रजी, तीही जड. शिवाय निबंध कुठे पाठवायचा हे इथे कळत नाही. 'आठवड्यात छापून देतो' अशा बनावट जर्नल्सच्या मेल्सना नवे लेखक सहज भुलतात, याची मला खरंच काळजी वाटते. जर्नल पारखायला २०१५ मध्ये सुरू झालेली 'थिंक. चेक. सबमिट.' ही मोफत प्रश्नावली वापरा. संपादक मंडळ कोण आहे, पीअर रिव्ह्यू (छापण्याआधी त्याच विषयातल्या तज्ज्ञांनी केलेली तपासणी) कसा होतो, फी किती आणि कशाची, हे ती एकेक करून तपासायला लावते. रिव्ह्यूअरच्या शेऱ्यांना उत्तर कसं द्यायचं, यासाठी मात्र आधी छापून आलेला एखादा सहकारी गाठावाच लागतो.

पाचपैकी साडेचार तारे. रुग्णसेवेत असलेल्या आणि गाइड नसलेल्या प्रत्येकाला मी हीच वेबसाइट सुचवते.