साध्या लॅपटॉपवर एकट्याने खेळायचे आरपीजी: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

आरपीजी, म्हणजे एक पात्र घडवून त्याची गोष्ट खेळायचे गेम, अर्धवट सुटतात ते बहुतेक पहिल्या तीन तासांत. गोष्ट रटाळ असते असं नाही. गेमच्या पोटात जे गणित चाललेलं असतं ते खेळणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं. तलवार समोरच्याच्या अंगातून आरपार जाते आणि तरी वार लागत नाही, मग माणूस गेम काढून टाकतो. ते गणित एकदा कळलं की तोच गेम पुढे साठ-सत्तर तास सोडवत नाही.

इथलं सगळं एकाच मशीनवर वापरून पाहिलेलं आहे: रायझन ५ ५६००एच, ४ जीबीचं जीटीएक्स १६५० कार्ड, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. गेम पाच: फॉलआउट (१९९७), मॉरोविंड (२००२), विचर ३ (२०१५), डिस्को एलिझियम (२०१९) आणि बाल्डर्स गेट ३ (२०२३). नाशिकचा एक पावसाळा, एक हिवाळा आणि हा उन्हाळा एवढा काळ त्यात गेला. ऋतूंचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण डिसेंबरात गार वाटणारा लॅपटॉप एप्रिलच्या दुपारी तसा राहत नाही. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

सुरुवात मॉरोविंडपासून, कारण सर्वांत जास्त लोक तिथेच अडतात. सेडा नीन गावात उतरल्यावर सरकारी कचेरीत टेबलावर एक लोखंडी खंजीर मिळतो. बहुतेक जण तोच घेऊन गावाबाहेर पडतात आणि पहिल्याच प्राण्यावर वीस वार करून तीन लागले की वैतागतात. कारण साधं आहे. वार लागेल की नाही हे गेम असं ठरवतो: शस्त्राचं कौशल्य, अधिक चपळाईचा पाचवा भाग, अधिक नशिबाचा दहावा भाग. या बेरजेला स्टॅमिनाने (म्हणजे दम, गेममध्ये त्याचं नाव फटीग) गुणायचं. स्टॅमिना भरलेला असेल तर १.२५ ने, संपलेला असेल तर ०.७५ ने. त्यातून समोरच्याची चुकवण्याची क्षमता वजा होते ती वेगळीच.

आता आकडे घालून पाहा. छोट्या पात्यांचं कौशल्य निवडलेलंच नाही, म्हणजे ते ५ वर आहे. चपळाई ४०, नशीब ४०. बेरीज १७. पळत पळत शत्रूपाशी गेलात, स्टॅमिना संपला, तर शक्यता तेराच्या आसपास. म्हणजे शंभरात तेरा वार. त्याऐवजी रेडगार्ड वंश घ्या, विशेष क्षेत्र लढाई ठेवा आणि लांब पात्याची तलवार मुख्य कौशल्यात टाका. मुख्य कौशल्याचे ३०, क्षेत्राचे ५, वंशाचे १५, असे सुरुवातीलाच ५० होतात. त्यात ८ आणि ४ मिळवले की ६२, आणि स्टॅमिना भरलेला असताना सत्त्याहत्तरच्या वर. तोच गेम, तोच प्राणी, पण चारातले तीन वार लागतात. पळणं स्टॅमिना खातं, म्हणून शत्रू दिसला की चालत जायचं. एवढं एक लक्षात ठेवलं तरी अर्धी तक्रार मिटते.

मॉरोविंड जुन्या इंजिनावर चालवू नका. गेम विकत घेऊन त्यावर ओपनएमडब्ल्यू टाका. हे मुक्त स्रोत इंजिन आहे, फुकट मिळतं, पण गेमच्या मूळ फाइल्स तुमच्याकडे असाव्या लागतात. इन्स्टॉल करताना ते त्या फाइल्सचा फोल्डर विचारतं, तो दाखवला की काम झालं. लांबपर्यंतचं दृश्य दिसतं, रुंद स्क्रीनवर चित्र ताणलं जात नाही आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं तरी खेळता येतं. नकाशावर बाण दाखवणारी सोय मात्र या गेममध्ये नाही. माणसं तोंडी पत्ता सांगतात: अमुक पूल ओलांडा, मग डावीकडे वळा, टेकडीच्या पायथ्याशी दार आहे. पंचवटीतल्या गल्लीत पत्ता विचारत जावं तसंच. गेममधली वही नीट वाचायची सवय लागली की हीच गोष्ट या गेमची सर्वांत मोठी ताकद वाटू लागते, कारण वाट तुम्ही स्वतः शोधलेली असते.

फॉलआउटचं गणित आणखी सरळ आहे. इथे लढाई पाळीपाळीने होते आणि एका पाळीत किती हालचाल करता येईल ते ॲक्शन पॉइंटवर ठरतं. हे पॉइंट म्हणजे ५ अधिक चपळाईचा निम्मा भाग. सुरुवातीला मिळणाऱ्या पिस्तुलाची साधी गोळी ५ पॉइंट खाते. चपळाई ८ ठेवली तर ९ पॉइंट मिळतात: एक गोळी झाडली की उरलेल्या ४ मध्ये दुसरी बसत नाही. चपळाई १० केली की बरोबर दोन गोळ्या. म्हणजे पात्र बनवतानाच्या दोन आकड्यांत मारा दुप्पट झाला. टॅग करायची, म्हणजे सुरुवातीलाच खास म्हणून निवडायची, तीन कौशल्यं म्हणून स्मॉल गन्स, स्पीच आणि लॉकपिक घ्या. बोलून सुटणारे प्रसंग यात इतके आहेत की स्पीच वाया जात नाही.

गोष्टीत तुमच्या व्हॉल्टसाठी, म्हणजे भूमिगत निवाऱ्यासाठी, पाण्याची चिप आणायला १५० दिवस मिळतात. आकडा बघून घाबरायला होतं, पण दिवस खर्च होतात ते मुख्यतः नकाशावरच्या प्रवासात, गावात फिरताना नाही. शेडी सँड्स गावातून दोर बरोबर घेतल्याशिवाय व्हॉल्ट १५ ला जाऊ नका, नाहीतर ती फेरी फुकट जाते. सोबत घेतलेल्या इयानच्या हाती सबमशीन गन देऊ नका. तो मागून सरसकट गोळ्या झाडतो आणि त्यातल्या काही तुमच्याच पाठीत बसतात. सेव्ह करायला जागा फक्त दहा आहेत. त्या आलटून पालटून वापरा, एकाच जागी लिहीत राहिलात तर अडकलेल्या क्षणाचाच सेव्ह हातात उरतो. गेम वीस-पंचवीस तासांत पुरा होतो. जुन्या आरपीजींची चव बघायची असेल तर आधी हाच घ्यावा असं ठाम मत आहे.

डिस्को एलिझियममध्ये लढाईच नाही म्हटलं तरी चालेल. सगळं बोलण्यावर आहे आणि बोलणं फाशांवर. दोन फासे पडतात, त्यात तुमचं कौशल्य मिळवलं जातं आणि बेरीज अडचणीच्या आकड्याइतकी किंवा त्याहून जास्त झाली की जमलं. कौशल्य ४ आणि अडचण १२ असेल तर फाशांवर ८ किंवा जास्त हवेत. छत्तीसपैकी पंधरा जोड्या तशा आहेत, म्हणून स्क्रीनवर ४२ टक्के दिसतं. कौशल्य एकाने वाढवा, ७ पुरतात, एकवीस जोड्या होतात आणि ५८ टक्के दिसतं. एका गुणाने सोळा टक्के! म्हणून साठवलेले गुण लगेच खर्च करू नयेत. पांढऱ्या रंगाची चाचणी हुकली तर ती बंद होते आणि तेच कौशल्य वाढवल्यावर पुन्हा उघडते. शिल्लक गुण अशा वेळी सोन्याच्या मोलाचा. लाल चाचणी एकदाच मिळते, तिच्या आधी कपडे बदलून पाहा. टोपी, कोट, बूट या सगळ्यांनी कुठलं ना कुठलं कौशल्य एखाद्याने वाढतं.

दोन सहा पडले तर नेहमी यश, दोन एक पडले तर नेहमी अपयश, मग कौशल्य कितीही असो. पण हुकलेल्या चाचणीनंतर लगेच मागचा सेव्ह उघडायची सवय इथे मोडावी लागते. कारण या गेममधलं सर्वांत सुंदर लिखाण कित्येकदा हुकल्यावरच वाचायला मिळतं. शरीर आणि मन दोन्ही १ वर ठेवून पात्र बनवलं तर पहिल्याच खोलीत, छतावरच्या दिव्याला हात लावूनही गेम संपू शकतो. म्हणून पहिल्या वेळी दोन्ही किमान २ ठेवा. पैशांची चणचण सुरुवातीपासून जाणवते, तेव्हा रिकाम्या बाटल्या गोळा करत राहा. आणि घड्याळ फक्त बोलताना आणि वाचताना पुढे सरकतं, चालताना नाही. त्यामुळे सगळा परिसर निवांत फिरून घ्या.

या गेममध्ये इंग्रजी भरपूर वाचावं लागतं आणि ते सोपं नाही. २०२१ च्या फायनल कट आवृत्तीत सगळ्या संवादांना आवाज आहे, ऐकत ऐकत वाचलं की पुष्कळ हलकं जातं. सार्वजनिक वाचनालयातून जाड कादंबरी आणावी आणि रोज रात्री थोडी वाचावी, तसा हा रोज तास-दीड तास खेळावा. एका बैठकीत चार तास बसलं की शब्द डोक्यावरून जायला लागतात.

विचर ३ बद्दल थोडक्यात. पूर्ण आवृत्तीच घ्या, कारण दोन्ही विस्तार मूळ गेमच्या तोडीचे आहेत. डिसेंबर २०२२ च्या मोठ्या अपडेटनंतर जीटीएक्स १६५० सारख्या कार्डवर डीएक्स १२ (विंडोजची ग्राफिक्स प्रणाली डायरेक्टएक्स) मध्ये गेम अडखळतो, म्हणून सुरू करताना डीएक्स ११ निवडा. हेअरवर्क्स (केस खरे दिसावेत म्हणूनची सेटिंग) बंद करा, एवढ्या एका गोष्टीने फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, सुधारतो. क्वेन हे संरक्षणाचं जादूचं चिन्ह लढाईआधी लावायची सवय लावा. औषधं एकदाच बनवायची असतात. नंतर ध्यानाला बसलं की झोळीतल्या कडक दारूच्या एका बाटलीवर सगळी पुन्हा भरतात. हे माहीत नसल्याने लोक औषधं जपून ठेवतात आणि मार खातात. तिसऱ्या काठिण्यपातळीपासून ध्यानाने जखमा भरत नाहीत, खायला बरोबर ठेवा. स्केलिगच्या समुद्रावरची प्रश्नचिन्हं मात्र सगळी गोळा करत बसू नका. होडी, पेटारा, पुन्हा होडी, यापलीकडे तिथे काही नाही.

बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी जागा लागते आणि एसएसडी हवीच. ५१२ जीबीच्या ड्राइव्हवर विंडोज आणि हा गेम आला की दुसऱ्या मोठ्या गेमला फारशी जागा उरत नाही. मोठा पॅच येतो तेव्हा तात्पुरती आणखी जागा लागते. डाउनलोड मध्येच थांबला तर आधी तेच तपासा. वर सांगितलेल्या मशीनवर बहुतेक सेटिंग लो आणि एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणारी सोय) क्वालिटीवर ठेवून पहिले दोन अंक नीट चालतात. तिसऱ्या अंकात शहराची गर्दी सुरू झाली की प्रोसेसर दमतो. तिथे फ्रेमरेट ३० ला बांधून टाका. पाळीपाळीच्या लढाईत त्याने काही अडत नाही.

इथे नवखे चुकतात ते विश्रांतीत. लांब विश्रांती टाळत राहिलात तर मंत्र संपतात आणि सोबत्यांचे रात्रीचे संवाद हुकतात, म्हणजे अर्धी गोष्टच हुकते. मधल्या पातळीवर एका विश्रांतीला ४० शिधा लागतो आणि पेट्या-पिंपं उघडत गेलं तर तो कधीच कमी पडत नाही. उंचावरून मारा केला तर नेमाच्या फाशात २ वाढतात, खालून केला तर २ घटतात. लढाई सुरू व्हायच्या आधी धनुर्धर शिडीवर चढवून ठेवणं हे एका लेव्हलइतकं मोलाचं आहे. वर्ग चुकीचा निवडला असं वाटलं तर गेम पुन्हा सुरू करू नका. छावणीत विदर्स नावाचं पात्र आलं की ते १०० सोन्याच्या नाण्यांत वर्ग बदलून देतं. फासे सतत विचित्र पडतात असं वाटलं तर सेटिंगमध्ये कार्मिक डाइस बंद करून बघा. ते चालू असताना सलग वाईट फासे पडू नयेत म्हणून गेम मध्ये हात घालतो.

घेण्याआधी एक. स्टीम या ऑनलाइन गेम दुकानात १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. पण आरपीजीमध्ये चेहरा घडवण्यातच पाऊण तास जातो आणि तोही त्या दोन तासांत मोजला जातो. म्हणून पहिल्यांदा तयार पात्र घ्या, थेट पहिली मोठी लढाई गाठा, मशीन झेपतं का ते पाहा, मग निवांत नवीन पात्र बनवा. जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गेमचा इन्स्टॉलर उतरवून बाहेरच्या डिस्कवर ठेवता येतो, जुन्या गेमसाठी ते जास्त सोयीचं.

आता उन्हाळा. चाळीस अंशांच्या दुपारी विचर ३ चालवला की प्रोसेसर ९५ अंशांला टेकतो, पंखा किंचाळतो आणि वेग आपोआप पडतो. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के केलं की बूस्ट, म्हणजे प्रोसेसरने आपोआप वेग वाढवणं, बंद होतं. ५६००एच मग ४.२ ऐवजी ३.३ गिगाहर्ट्झच्या आसपास राहतो आणि तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरतं. काही लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो, तिथे फ्रेमरेट ४० ला बांधूनही बराच फरक पडतो. मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवा. शहरात बांधकामं चालू आहेत, धूळ भरपूर आहे, सहा महिन्यांनी पंखा उघडून साफ करून घ्यावाच.

मेमधल्या वळवाच्या पावसात वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो, ग्राफिक्स कार्डचा वेग पडतो आणि राउटरही बंद होतो. स्टीमचा ऑफलाइन मोड चालतो, पण त्याआधी नेट असताना गेम एकदा तरी सुरू केलेला हवा. वीज परत आल्यावर क्लाउडवरचा सेव्ह ठेवायचा की मशीनवरचा, असं स्टीम विचारतं. घाईत बटण दाबू नका. दोन्हींची तारीख आणि वेळ समोर दिसते. वीज गेल्यावरही खेळत राहिला असाल तर मशीनवरचा सेव्ह नवा असतो, तोच ठेवायचा.