दोन फुटी, तीन फुटी की चार फुटी? फॅन्सी गोल्डफिशची टाकी घेण्याआधी

बाऊलचा विषय आधी मिटवून टाकू. चार-पाच लिटरच्या गोल भांड्यात गोल्डफिश ठेवू नये, एकही नाही. खरी निवड आहे ती तीन मापांत: २×१×१ फूट, ३×१।×१। (सव्वा) फूट आणि ४×१॥×१॥ (दीड) फूट. वरून दोन इंच मोकळे सोडून भरल्या तर पहिलीत साधारण ४७ लिटर पाणी बसतं, दुसरीत ११५ आणि तिसरीत २२५. खाली दगड घातले की आणखी थोडं कमी.

दुकानात ओरांडा, रांचू, ब्लॅक मूर हे गुबगुबीत फॅन्सी गोल्डफिशचे प्रकार दोन-अडीच इंचांचे दिसतात, म्हणून दोन फुटी पुरेल असं वाटतं. दुकानदारही "सहा आरामात राहतात" म्हणतो. पण हेच मासे नीट वाढले तर सहा-सात इंचांचे होतात आणि दहा वर्षं सहज जगतात. त्यात गोल्डफिशला जठरच नसतं. खाल्लेलं भराभर पुढे सरकतं, त्यामुळे इतर शोभेच्या माशांपेक्षा याची घाण फार. मासे पाळणाऱ्यांमध्ये चालत आलेला हिशोब असा: पहिल्या माशाला ७५ लिटर, पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर. या हिशोबाने दोन फुटीत एकही बसत नाही, तीन फुटीत बरोबर दोन बसतात, चार फुटीत चार.

इथे आपल्याकडचा माणूस अडतो, आणि त्याचं अडणं खोटं नाही. नळाला पाणी कधी आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात टँकर. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात काचेत सव्वादोनशे लिटर कोंडायचे म्हणजे ओशाळल्यासारखं होतं. म्हणून मंडळी पाणी वाचवायला लहान टाकी घेतात. माझ्या मते हिशोब चुकतो तो इथेच.

पाणी बदलावं लागतं ते माशांच्या घाणीमुळे. टाकीच्या मापाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. माशांचा अमोनिया फिल्टरमधले जिवाणू नायट्रेटमध्ये बदलतात, आणि ते नायट्रेट पाण्याबरोबरच बाहेर काढावं लागतं. दोन मोठ्या ओरांडांसाठी आठवड्याला दोन बादल्या, म्हणजे ४० लिटरच्या आसपास धरा. तीन फुटीतून ४० लिटर काढले तर तो एक तृतीयांश भाग झाला, माशांना जाणवतही नाही. दोन फुटीतून तेवढेच काढायचे तर टाकी जवळजवळ रिकामी होते. तापमान आणि पाण्याचा गुण एका झटक्यात बदलतो आणि मासे हबकतात. घाबरून निम्मंच बदललं तर घाण साठत जाते. चार फुटीत तेच दोन मासे असतील तर तिलाही त्याच दोन बादल्या पुरतात. एकदा भरायला पाणी जास्त लागतं आणि बाष्पीभवनाची भर थोडी जास्त घालावी लागते, एवढाच फरक. झाकण ठेवलं की तीही कमी होते. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, खताचं काम करतं.

मोठ्या टाकीचा दुसरा फायदा नळ चुकला की कळतो. पाणी ठरल्या दिवशी आलं नाही, चार दिवस लांबलं, तर तीन फुटी ते झेलते. दोन फुटीत तेवढ्यात घाणीचं प्रमाण अडीचपट वेगाने चढलेलं असतं. आपलं बोअरचं पाणी बहुतेकदा जड आणि अल्कधर्मी असतं. गोल्डफिशला ते मानवतं, पण अशा पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो, उन्हाळ्यात तर आणखीच.

उन्हाळ्याचं तर वेगळंच प्रकरण आहे. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३२ अंशांना सव्वासातच. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात घरातलं पाणी तिथवर सहज जातं. ऑक्सिजन शिरतो तो पृष्ठभागातून, म्हणून लिटरइतकंच तोंडाचं मापही बघा: दोन फुटीचं २ चौरस फूट, तीन फुटीचं पावणेचार, चार फुटीचं ६. शोसाठी मिळणारी दोन फूट लांब आणि दोन फूट उंच टाकी याच कारणासाठी घेऊ नका. पाणी जवळजवळ तीन फुटीइतकं, पण तोंड जवळपास निम्मं. गुबगुबीत अंगाच्या या माशांना वर-खाली पोहणं जडही जातं. पंधरा-अठरा इंच उंची भरपूर झाली. खोलीत कूलर असेल तर टाकी त्याच खोलीत ठेवा. लाईट गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी हवा.

मग चार फुटीच का नको? वजन. पाणी, काच, दगड, स्टँड धरून तीनशे किलोच्या वर जातं. तळमजल्यावर किंवा पक्क्या स्लॅबवर भिंतीलगत चालेल, जुन्या माळवदावर अजिबात नको. आणि मोठी टाकी रिकामी दिसते म्हणून माणूस मासे वाढवत जातो. मग दोन बादल्यांच्या चार होतात.

अंगणातला सिमेंटचा हौद स्वस्त वाटतो. सावलीत असेल, वर जाळी असेल आणि नव्या सिमेंटचा चुना काही आठवडे पाणी बदलून उतरवला असेल तरच त्याचा विचार करा. मांजर आणि खंड्या वाट बघत असतातच.

बहुतेक घरांना मी तीन फुटी सांगेन, आणि त्यात दोनच मासे. ती फाल्गुनाआधी आणा. फिल्टर सुरू करून जिवाणू बसायला चार-सहा आठवडे लागतात, आणि ते काम कडक उन्हाळ्यात नको. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन अँटीक्लोरीनने मारून घ्या.

जागा दोन फुटीचीच असेल, तर गोल्डफिशचा हट्ट सोडून गप्पी ठेवा. डासांसाठी आरोग्य विभाग सोडतो तोच मासा, फक्त दुकानात रंगीत शेपट्यांचा मिळतो. आपलं उष्ण हवामान आणि बोअरचं जड पाणी त्याला चांगलं मानवतं.